बारशाची मंजूर यादी

हिंगणटाकळीच्या बद्रीनाथला मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. बारशाला पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात, नाव ठेवायला आत्या लागते आणि हल्ली डीजेही लागतो. आत्या आणि डीजे एकाच घरात मिळत असल्यामुळे बद्रीनाथने वडवणीला एकच फोन केला. त्याची थोरली बहीण वर्षाराणी वडवणीत दिलेली होती आणि तिचा नवरा अंगद लहान कार्यक्रमांचा डीजे होता.

'लहान कार्यक्रमांचा' हे शब्द अंगदने पिकअपच्या काचेवर मुद्दाम लिहून घेतले होते. त्याच्याकडे दोन टॉप, दोन बेस असे चार बॉक्स, आवाज वाढवायचं एक मशीन, एक मिक्सर आणि जुना लॅपटॉप एवढाच संसार होता. त्याच्या आवाजाने आजवर कोणाच्या पत्र्याचा खिळा निघाला नव्हता, कोणाची म्हैस दावं तोडून पळाली नव्हती, आणि याचा त्याला अभिमान होता. खरी दौलत पेनड्राइव्हमध्ये होती. चार हजार दोनशे गाणी. एकदा एका मुख्याध्यापकांच्या सेवानिवृत्तीला चुकून नवरीच्या पाठवणीचं गाणं लागलं आणि सगळी शाळा हमसून रडली; तेव्हापासून वर्षाराणीने गाणी लावायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. हळद, वरात, बारसं, जावळ, सेवानिवृत्ती, दुकानाचं उद्घाटन, असे तिने वेगवेगळे कप्पे केले होते आणि 'हळद फास्ट फायनल खरं फायनल' असली नावं बदलून प्रत्येक गाण्याला माणसात आणलं होतं.

"दाजी, समदं ठरलं," बद्रीनाथ फोनवर म्हणाला. "फकस्त गाण्याची यादी द्यावी लागती. तीन प्रतीत."

"कुनाला?"

"समितीला."

हिंगणटाकळीत मागच्या वर्षी एका मिरवणुकीत डीजेवर एक गाणं वाजलं आणि दोन गटांत खुर्च्यांची फेकाफेक झाली. चौकशीत असं आढळलं की, कोणतं गाणं वाजलं होतं ते दोन्ही गटांपैकी कोणालाच आठवत नाही. त्यामुळे खबरदारीचा उपाय म्हणून जगातली सर्वच गाणी संशयित धरण्यात आली आणि त्यांची छाननी करण्यासाठी गावाने 'ध्वनी व भावना समन्वय समिती' स्थापन केली. आवाज मोजायचं यंत्र समितीकडे नव्हतं. भावना मात्र भरपूर होत्या.

सासरवाडीचं काम होतं. जावयाने पहिल्यांदाच सासऱ्याच्या दारात बॉक्स लावायचे आणि तेही मेहुण्याच्या पहिल्या लेकीच्या बारशाला, म्हणजे अंगदच्या दृष्टीने हे एखाद्या परीक्षेसारखंच होतं. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी वर्षाराणीने चाळीस गाणी निवडली, निरुपद्रवी, धुतलेल्या तांदळासारखी. तीन प्रती काढून दोघं समाजमंदिरात हजर झाले.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष आप्पाराव हे माजी सरपंच. ते बसले की खुर्चीही माजी सरपंचाची वाटत असे. अमरसिंह हा गावातला तरुण नेता, त्याचे फलक वेशीपासून स्मशानापर्यंत लागलेले. सुंदरबाई बचत गटाच्या अध्यक्षा. शफीभाई फळांचा गाडा लावत. आणि सचिव म्हणून तानाजी गुरुजी, निवृत्त शिक्षक, लाल पेन खिशात ठेवून निवृत्त झालेले.

"जावईबापू, बसा," आप्पाराव म्हणाले. "आपलं घरचं काम हाय. नियमाचं तेवढं बघून घेऊ."

अमरसिंहाने यादीवरून बोट फिरवलं. "यातल्या अकरा गाण्यांत 'भाऊ' हाय. कोणता भाऊ?"

"गाण्यातला," अंगद म्हणाला.

"गावात चार भाऊ हायेत. मी धरून. लोक इचारणार, कोणासाठी वाजवलं."

"कोणासाठीच न्हाई."

"म्हंजे माझ्यासाठी बी न्हाई," अमरसिंह म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. समितीने हे निरीक्षण गंभीर मानलं. चारही भाऊंना समान वेळ देणं शक्य नसल्यामुळे अकराही गाणी कमी झाली. त्याच न्यायाने 'दादा' गेले, कारण दादा सात होते. 'साहेब' तर आप्पारावांनी कोणाला न विचारताच काढले.

सुंदरबाईंनी चष्मा लावला. "बाईच्या कमरेवर नऊ गाणी हायेत. दुसरं काय दिसत न्हाई का तुमाला?"

हे अंगदलाही पटलं. नऊ गाणी गेली. मग सुंदरबाईंनी उरलेली यादी पुन्हा वाचली. "आता तर यात बाईचे नुसते गालच राहिले. बारसं पोरीचं, आन् बायांचा सहभाग शून्य. हे बी चालायचं न्हाई."

शफीभाईंनी खुर्ची पुढे ओढली. ते हळूच म्हणाले, "अंगदभाई, माझा कायबी एतराज न्हाई. पर डाळिंब, आंबा, पेरू, समदं तुमी बाईच्या गालावर घालता. सकाळी गाड्यावर बाया येतात. डाळिंब कसं दिलं, ते इचारायला लाजतात. धंदा बसला माझा."

फळं गेली. तानाजी गुरुजींनी मग लाल पेन काढलं आणि उरलेल्या गाण्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल केले. गाणी कानाने ऐकायची असतात, असं वर्षाराणीने सांगून पाहिलं. त्यावर गुरुजींनी, प्रमाणभाषेलाही भावना असतात, असं नमूद केलं.

सायंकाळपर्यंत यादीत एकच नोंद उरली, सनईची धून. शब्द नाहीत, भाऊ नाही, डाळिंब नाही. अंगदने ती मोबाइलवर लावली. आप्पारावांचे डोळे बारीक झाले.

"ही चाल मी पडलो त्या निवडणुकीत समोरच्यांनी लावली होती."

"आप्पा, ही सनई हाय. समद्या लग्नात वाजती."

"म्हनून तर मी लग्नाला जात न्हाई," आप्पाराव म्हणाले. शब्द नसले तरी चाल ओळखू आली की शब्द आठवतात, सबब शब्द नसलेली गाणी शब्द असलेल्या गाण्यांपेक्षा धोकादायक, असा ठराव तिथल्या तिथे झाला.

समिती अन्याय करत नव्हती. तिने अंगदला दुसरी संधी दिली, पूर्ण पेनड्राइव्ह घेऊन येण्याची. तीन दिवस चार हजार दोनशे गाण्यांची छाननी चालली. रंगांची नावं असलेली गाणी पहिल्याच तासात गेली. कोणत्या रंगाने कोणाला काय होतं, हे उच्चारणंही सदस्यांना योग्य वाटलं नाही. शिट्टी, पंखा, घागर आणि ट्रॅक्टर ही कोणा ना कोणाची निवडणूक चिन्हं होती, म्हणून ती गेली. अनेक गाण्यांच्या सुरुवातीला दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्यातरी डीजेने स्वतःचं नाव घोगऱ्या आवाजात घातलेलं होतं. हे बाहेरच्या शक्तींचं काम ठरलं. पाळण्याच्या गाण्यात एका देवाचं नाव होतं. बाकीच्या देवांची हरकत येईल, असं सर्वांना वाटलं. देवांना विचारायची सोय नसल्यामुळे ते राखून ठेवण्यात आलं.

एक गोष्ट अंगदच्या लक्षात आली होती, पण जावई असल्यामुळे तो बोलला नाही. नुसत्या नावावर गेलेली गाणी सोडली, तर उरलेलं प्रत्येक गाणं नाकारायच्या आधी समिती ते पूर्ण ऐकत होती. काही गाणी दोनदा. टेबलाखाली अमरसिंहाचा पाय हलत होता.

तिसऱ्या दिवशी रिकाम्या यादीने परतताना अंगदने पिकअपचा टेप लावला आणि लगेच बंद केला. मग म्हणाला, "वर्षे, मुके बॉक्स लावून बसू काय तुझ्या बापाच्या दारात? उद्या पाव्हणे म्हनतील, जावई आनला आन् आवाज इसरला."

"बॉक्स लावायचेच," वर्षाराणी म्हणाली. "वाजल का न्हाई ते मागून बघू. माझ्या भाचीचं बारसं हाय, श्रद्धांजली न्हाई."

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी समितीने प्रत्यक्ष पाहणी ठेवली. अंगदने समाजमंदिरापुढे टॉप चढवले, वायरी जोडल्या आणि सवयीने माईक तोंडाजवळ धरला.

"हॅलो. चेक. हॅलो, हॅलो. वन, टू, थ्री."

आवाज स्वच्छ आला. अंगद थांबला, कारण आता समितीची हरकत येणार होती. आली नाही. पाचही सदस्य एकमेकांकडे पाहत राहिले. प्रत्येकजण आपापल्या भावना चाचपत होता आणि कोणालाच काही दुखत नव्हतं.

"हे कोणाचं हाय?" आप्पारावांनी विचारलं.

"कोणाचंच न्हाई, आप्पा. टेस्टिंग हाय."

"कोणाचंच न्हाई," गुरुजींनी लिहून घेतलं. "गाणे क्रमांक एक. हॅलो चेक. हरकत नाही."

"थांबा," अमरसिंह म्हणाला. "थ्री नको. वार्ड नंबर तीनमध्ये आपल्याला मतं कमी हायेत. ते त्यांचंच गाणं म्हनून नाचतील."

थ्री वगळून गाणं मंजूर झालं. शिक्का उमटला. अंगद कागद घडी घालत होता तेवढ्यात गुरुजींना एक शंका आली. बाळाचं नाव माईकवर पुकारणार असाल तर तोही ध्वनीच. नाव आधी सादर करावं.

"नाव आत्या ठिवती," वर्षाराणी म्हणाली. "आधी कुनाला सांगायचं नसतं."

"समिती म्हंजे कुनी न्हाई," आप्पारावांनी समजावलं.

वर्षाराणीने 'रोहिणी' सांगितलं. यंदा रोहिणी नक्षत्र कोरडं गेलं, नाव पुकारताच लोकांना पाऊस आठवेल आणि भावना दुखावतील, असं निघालं. मग तिने 'सत्यशीला' सांगितलं. गुरुजींनी लाल पेनाचं टोपण काढलं. गावात घरकुलांची चौकशी चालू होती, आणि अशा दिवसांत 'सत्य' हा शब्द माईकवरून मोठ्याने घेणं सामाजिक सलोख्याला धरून नव्हतं. सुंदरबाईंनी 'सुंदर' हे नाव सुचवलं आणि स्वतःच लाजल्या.

वर्षाराणी उठली. "मी माईकवर सांगतच न्हाई. कानात सांगते."

कानातला आवाज समितीच्या कक्षेत येतो का, यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी गुरुजींनी शेरा मारला: कानात सांगण्यास हरकत नाही, मात्र ऐकणारीची तक्रार आल्यास समिती जबाबदार राहणार नाही.

बारशाच्या दिवशी दोनशे माणूस जमलं. अंगद मिक्सरमागे उभा राहिला. त्याने आदल्या दिवशीचाच आवाज लॅपटॉपवर घेतला होता, थ्री कापून. बटण दाबलं.

हॅलो. चेक. हॅलो, हॅलो. वन, टू.

लोक पुढचं गाणं सुरू व्हायची वाट पाहत उभे राहिले. पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदाही तेच. सासऱ्यांनी अंगदकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. ती मान वळलेली पाहिली आणि अंगदला आपण लॅपटॉपच्या मागे मावावं, असं वाटलं. पण बद्रीनाथला लेक झाल्याचा आनंद इतका झाला होता की, तो 'वन'ला उजवा हात वर करून आणि 'टू'ला डावा हात वर करून नाचू लागला. मग त्याचे मित्र उतरले. मग बाया. बेस चांगला लागलेला होता आणि माणसाचं अंग समितीला विचारून हलत नाही. पाऊण तासाने आप्पारावही एक हात वर करून, फक्त 'वन'लाच, नाचत होते.

पाळण्याजवळ बायांनी वर्षाराणीच्या पाठीत गुद्दे घातले, तिने वाकून भाचीच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. बाळाने जांभई दिली. अंगदने तेवढ्यापुरता आवाज शून्यावर आणला होता. वर्षाराणी सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि तिचे वडील जावयाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "बरं केलंत. कुटं कुनाचं भांडण न्हाई."

कार्यक्रम शांततेत पार पडल्याचा अहवाल समितीने दिला. आणि दुसऱ्याच दिवसापासून गावात कुरबुर सुरू झाली.

"मजा न्हाई आली," अमरसिंह पारावर म्हणाला. "गानं कोनाला टोचलंच न्हाई. मग नाचायचं कोनाच्या दाराकडं तोंड करून?"

ही तक्रार सार्वत्रिक होती. आठवड्याभरात पाचही सदस्य वडवणीला अंगदच्या डीजेच्या दुकानी येऊन गेले, पाच वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकजण सहज इकडं आलतो म्हणून. प्रत्येकाला नाकारलेली गाणी हवी होती, अभ्यासासाठी. शफीभाईंनी तर डाळिंबाचं तेवढं आधी पेनड्राइव्हमध्ये भरायला सांगितलं. त्यांच्या मुलीचं, जोयाचं, लग्न ठरलं होतं.

आता अंगद ही हकीकत दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. नांदूरघाटचे येतात, सिरसाळ्याचे येतात, बीडचे शिकलेले लोकही येतात. सगळे पोट धरून हसतात. भाऊला हसतात, डाळिंबाला हसतात, सनईला हसतात. पण प्रत्येकजण मध्येच कुठंतरी एका जागी हसायचा थांबतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, "तेवढं एक मातर समितीनं बरोबर केलं हां."

प्रत्येकाची जागा वेगळी असते. वर्षाराणी त्या जागा एका वहीत मांडत गेली. पन्नासेक गिऱ्हाइकं झाली आणि तिच्या लक्षात आलं की, सगळ्यांच्या जागा एकत्र धरल्या तर समितीशिवायही यादीतलं एकही गाणं मंजूर होत नाही.

तुम्ही कुठं थांबलात, तेवढं सांगा. वहीत जागा आहे.