सुनेची खारी बाटली

नानांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललं गेलं, आणि त्याला कारण होतं सुनेचं वजन. हा संबंध घरात कुणी बोलून दाखवला नव्हता. नानांनी तर नाहीच.

नाना कागद गिरणीत बॉयलरवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बॉयलर काही त्यांच्यातून निवृत्त झाला नव्हता. कुकरची शिट्टी झाली की ते अजूनही मान वर करत. पुढे त्यांचं स्वतःचंच प्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ तोडलं. तेव्हापासून नानी त्यांना अळणी जेवण वाढत होत्या. आता डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. परवाच त्यांनी शेजाऱ्यांच्या कठड्यावर वाळत घातलेल्या कोटाला "काय, बरं आहे ना?" असं विचारलं होतं. वर्तमानपत्र नानी वाचून दाखवत. त्या निधनाच्या बातम्यांपासून सुरुवात करत आणि राजकारण न आवडल्यास सरळ पान उलटत. डोळा परत मिळावा एवढीच नानांची या घडीला इच्छा होती. डोळ्यांच्या डॉक्टरांची अटही एवढीच होती, की प्रेशर ताब्यात पाहिजे.

सून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून तिचं वजन वाढलं, म्हणून तिने कीटो डाएट सुरू केलं. पाव, भात, बटाटा, साखर बंद. अंडी, चीज आणि पालेभाजी चालू. चारच दिवसांत तिचं डोकं ठणकायला लागलं आणि पायात गोळे यायला लागले.

"साहजिक आहे मॅडम," जिममधला ट्रेनर म्हणाला. "आधी शरीरातलं पाणी उतरतं. पाण्याबरोबर सोडियम जातं. ते परत भरायला नको? इलेक्ट्रोलाइट घ्या. मीठ, लिंबू आणि ही पावडर."

सून रोज सकाळी काचेच्या मोठ्या बाटलीत ते पाणी तयार करून फ्रीजच्या दारात ठेवायला लागली. कामावरून आली की गार गार प्यायची.

एका दुपारी घरात कुणी नसताना नानांनी गार पाण्यासाठी फ्रीज उघडला आणि हाताला लागली ती बाटली तोंडाला लावली. पहिल्या घोटाला ते थबकले. दुसऱ्या घोटाला डोळे मिटले. इतक्या वर्षांनी मीठ भेटलं, तर जिभेला माहेरचं माणूस दारात उभं राहिल्यासारखं झालं. थांबले तेव्हा बाटली निम्म्याच्या खाली गेली होती.

दुसरा कुणी असता तर बाटली तशीच ठेवून मोकळा झाला असता, आणि मग संध्याकाळी आरडाओरडा होऊन प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण नाना बॉयलरवाले. वाफ कुणीही ओढो, काचेतली पाण्याची पातळी खाली दिसता कामा नये, हा नियम त्यांच्या हाडात मुरला होता. त्यांनी फिल्टरचं पाणी घेतलं, बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं आणि ती होती त्याच जागी ठेवली. मग चोरी केल्यासारखं वाटायच्या ऐवजी त्यांना गिरणीतली पाळी नीट संपवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नाना नानींच्या बाहेर जायच्या वेळेकडे डोळे लावून बसले.

सुनेच्या पायातले गोळे काही जाईनात. "मीठ घेतेय तरी असं कसं?" ती ट्रेनरला म्हणाली. "आणि पाणी खारटसुद्धा लागत नाही फारसं."

"म्हणजे शरीर किती रिकामं झालंय बघा! गरज असली की मीठ जिभेला कळतच नाही. वाढवा."

तिने मीठ वाढवलं. पाण्याचा दर्जा सुधारल्याचं नानांच्या लगेच लक्षात आलं.

प्रेशर तपासायची तारीख आली तेव्हा डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि शेवटी नानींकडे पाहिलं.

"आजी, जेवणात मीठ घालता का थोडं?"

"कणभर नाही."

"थोडंसुद्धा? माणूस किरकिर करतो, आपल्याला दया येते..."

"मला?" नानी म्हणाल्या. "दया? यांना विचारा."

"नाही हो, तिला दया येत नाही," नाना मनापासून म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी वाढवली, ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललं आणि वर सांगितलं, की पुढच्या खेपेला असंच निघालं तर तुमचं नाव यादीच्या शेवटी जाईल. मग कधी नंबर लागेल ते मी सांगू शकत नाही.

नानींचा झालेला अपमान रिक्षाभर मुका होता. घरी पोहोचल्यावर त्याला वाचा फुटली. त्यांनी मिठाची बरणी उचलली आणि शेजारणीला देऊन टाकली. टेबलावरची मीठदाणीही गेली. सुनेकडे तिच्या पाण्यापुरतं मीठ राहिलं, तेही तिच्या कपाटात.

"आजपासून सगळ्यांना एकच जेवण," नानींनी जाहीर केलं. "वेगळं वाढून घ्यायचं नाही. कोण कुणाच्या ताटातलं उचलतंय हे मी कुठवर बघत बसू?"

"आई, ही भाजी आहे की भाजीचा फोटो?" मुलगा पहिला घास खाऊन म्हणाला.

"फोटोत लिंबू पिळ."

"अगं, पण प्रेशर नानांचं आहे. माझं नाही."

"मीही खातेच आहे ना अळणी? त्यांच्यासमोर मीठ शिंपडून जेवले का मी कधी? इतकी वर्षं खातेय. मेले का?"

मुलाने लिंबू पिळलं. ऑफिसमधून यायला त्याला रोज उशीर व्हायला लागला, आणि आला की भूक नाही म्हणायचा. नानांना मात्र कुठे जायला ऑफिस नव्हतं. घरातलं उरलंसुरलं मीठही गेल्यामुळे त्यांची सगळी भिस्त बाटलीवर आली. पूर्वी निम्मी होणारी बाटली आता तळाला जायला लागली, आणि त्या मानाने वरून पाणीही जास्त पडायला लागलं. सुनेने मीठ पुन्हा वाढवलं. नानांचे घोटे सुजले. पायमोजे काढले की त्यांचे वळ तसेच राहायचे. सून तिकडे जवळजवळ साधं पाणी पिऊन कीटो करत होती.

मग तो चौकातला प्रकार झाला. सून एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना गाडी शिकवत होती. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. चौकाच्या बरोबर मध्यावर सुनेच्या पोटरीत गोळा आला, पाय ताठ झाला आणि ब्रेकवर बसला तो बसलाच. गाडी बंद पडली. बाईंनी चालू केली. पुन्हा बंद पडली.

"क्लच सोडताना माझं चुकतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही... तुमचं... बरोबर आहे," सून दात आवळून म्हणाली.

"तुम्ही जबडा असा आवळू नका. दात झिजतात."

चारही बाजूंनी हॉर्न वाजायला लागले. ट्रॅफिक हवालदार खिडकीशी आला.

"गाडी कोण चालवतंय?"

"ह्या," सून म्हणाली.

"मग थांबवली कुणी?"

"मी."

"आणि चालू कोण करतंय?"

"ह्या."

"दोघींचं आधी घरी ठरवून येत जा," हवालदार म्हणाला, आणि त्याने गाडी ढकलून कडेला लावली.

स्कूलच्या मालकाने सुनेला पाय बरा होईपर्यंत ऑफिसातल्या कामाला बसवलं. संध्याकाळी ती लंगडत घरी आली, फ्रीज उघडला आणि उभ्याउभ्या बाटलीतलं सगळं पाणी प्यायली. ते मघाशी नानांनीच भरलेलं फिल्टरचं पाणी होतं. ती पीत असताना नाना समोर बसले होते. मोतीबिंदू असूनही त्यांना जरा जास्तच स्पष्ट दिसत होतं.

"अजून एक चमचा वाढवते उद्यापासून," सून म्हणाली. "नाना, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतं त्यातलं?" नाना म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.

तिथे त्यांनी हिशेब मांडला. पोरीचा पाय गेला चौकात, आपला डोळा चाललाय यादीच्या शेवटी. खरं सांगावं, तर नानी जन्मभर ऐकवणार आणि सून जन्मभर काही बोलणार नाही. दोन्हीतलं कुठलं जास्त वाईट, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी कुणालाही न सांगता बाटली सोडली.

सोडणं सोपं नव्हतं. दुपार झाली की फ्रीजचा नुसता आवाज आला तरी तोंडाला पाणी सुटे. पण नाना हलले नाहीत. हळूहळू घोटे उतरले, बूट पायात जायला लागले. आता सुनेचे गोळे बंद होतील आणि आपण न बोलता सुटू, असं त्यांना वाटलं.

पण सुनेचे गोळे बंद झाले नाहीत. "आज तर मी भरभरून मीठ घातलंय," ती म्हणाली, "तरी पाणचटच लागतंय."

नाना चक्रावले. त्यांनी बाटलीला बोट लावलं नव्हतं. मग त्यांना मुलाचा संशय आला. उशिरा येणारा, भूक नाही म्हणणारा माणूस. रात्री त्यांनी त्याला गाठलं.

"फ्रीजमधलं काही पितोस का तू?"

"नाना, मी रोज बाहेर जेवून येतो," मुलगा कुजबुजला. "आईला सांगू नका."

तपासणीची तारीख आली. सकाळी नाना आणि नानी दवाखान्यात पोहोचले. नर्सने नानांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला.

"वा, आजोबा! एकदम ताब्यात. आजच करून टाकू ऑपरेशन."

नानांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना हिरवा गाऊन मिळाला, डोळ्यात थेंब पडले आणि चाकाच्या खुर्चीवर बसवण्यात आलं.

"आजी, आता तुमचा हात द्या," नर्स म्हणाली. "आत गेलेल्या माणसाला काही होत नाही. बाहेर बसलेलेच चक्कर येऊन पडतात."

तिने एकदा मोजलं. मग पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि परत मोजलं.

"आजी, मीठ जास्त होतंय का हो?"

"आमच्या घरात मीठच नाही," नानी छताकडे बघत म्हणाल्या. "यांना विचारा."

नर्स नानांकडे वळली. थेंबांमुळे नानांना आता काहीच धड दिसत नव्हतं. पण बाटलीत कोण पाणी भरत होतं, ते लख्ख दिसलं.

"कणभर नाही हो," नाना म्हणाले. "मी स्वतः बघतो ना."

डॉक्टरांना बोलावते म्हणून नर्स बाहेर गेली. नाना खुर्चीतून वाकले.

"कधीपासून?"

"तुम्ही सोडलीत त्या दिवसापासून."

"म्हणजे, मी पितो हे तुला माहीत होतं?"

"आदल्याच दिवशी कळलं. अहो, बाटली अशी काठोकाठ भरून कोण ठेवतं? सून कधीच एवढी भरत नाही."

"मग बोलली का नाहीस? डोळा जात होता माझा!"

"बोलणारच होते. म्हटलं आधी चव तर घेऊन बघावी, एवढं काय आहे तिच्यात." नानींनी पदर सारखा केला. "मग म्हटलं, बोललं तर सून बाटलीच हलवील."

तेवढ्यात नानांच्या मांडीवरच्या पिशवीतला फोन वाजला. सून होती.

"नाना, ऑपरेशनला शुभेच्छा! आणि एक विचारायचं होतं. ट्रेनर म्हणतोय मीठ दुप्पट करा. करू का?"

नानींनी श्वास रोखला. नानांनी न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्यांच्या दिशेला बघितलं, आणि बॉयलर बंद करायचा असतो त्या सावकाशीने म्हणाले, "नको गं पोरी. ते सगळं सोड आता. ती बाटली घासून पालथी घाल आणि येताना पाव-लोणी आण. सगळेच खाऊ."

मग सून इतकी जोरात हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला.

"खरंच, नाना? आणते! लगेच आणते!"

नानींनी दंडावरचा पट्टा आपल्या हाताने सोडवला, नीट घडी करून बाजूला ठेवला आणि फोनजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "लोणी खारं आणायला सांगा."