ओव्हनमधले दाजी

“आईंना टोकामॅक समजवायला पाच मिनिटं पुरेत. तू बॅग भर!” धनेशने बायकोला छाती ठोकून सांगितलं.

भाविकाला गांधीनगरला न्यायचं, तर सासूबाईंचा, म्हणजे पुतळाबाईंचा होकार हवा होता. आणि त्यांच्या लेखी जावई बिनकामाचा! काल्हेरची गोदामं सांभाळायची सोडून तिथल्या प्रयोगशाळेत वायू तापवत बसतो!

“टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं मोठ्ठं भांडं, आई. त्यातला वायू आम्ही मायक्रोवेव्हने सूर्यापेक्षा जास्त तापवतो. त्याचा प्लाझ्मा होतो.”

“आनि भात?”

“भात नाही, वीज! पुढेमागे.”

“किती वरसं तापवताय?”

“अकरा.”

“येवढ्यात माझ्या चुलीवर गावजेवन झालं असतं!”

धनेश इरेला पेटला. त्याने एक द्राक्ष मधोमध चिरलं, दोन्ही फोडी सालीला चिकटलेल्या ठेवल्या. ते घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये ठेवून वर काचेचा पेला पालथा घातला आणि बटण दाबलं.

ठिणगी उडाली! पेल्यात निळसर पिवळा गोळा उठला, थरथरत वर चढला आणि ‘हूंऽऽऽ’ करून घुमू लागला.

“बघा, हाच तो प्लाझ्मा!”

पुतळाबाईंनी झटकन डोक्यावर पदर घेतला. त्यांचे यजमान दाजी गेल्या वर्षी वारले. हयातीत कुणी काही विचारलं, की आधी अस्सेच हुंकारायचे.

“अवो, आलात?”

“आई, हे दाजी नाहीत! हा—”

तेवढ्यात वीज गेली. बाहेर कामतघरच्या गल्लीतले सगळे यंत्रमाग एका दमात थांबले. भिंतीवरची पाल चाललेली ऐकू यावी इतकी शांतता! गोळा विझला. हुंकार मात्र चालूच राहिला.

धनेशने घाईघाईने प्लग उपटला. हूंऽऽऽ. दार उघडलं. आत काळं पडलेलं द्राक्ष आणि दाजींच्या तंबाखूचा वास. त्याचं अकरा वर्षांचं विज्ञान इथे कामी येईना. खरं सांगायचं तर तो भयंकर घाबरला होता.

“पोरीला धाडू का वो?” पुतळाबाईंनी विचारलं.

हुंकार थांबला. धनेशचे हात आपसूक जोडले गेले. “दाजी, हो म्हणा,” तो पुटपुटला.

“हूं.” एकच, ठाम.

पुतळाबाईंचे डोळे भरून आले. “जा गो भाविका. आनि जावाय बिनकामाचे न्हाईत, ह्ये आज कळलं मला!”

धनेशने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बॅगा उचलल्या. पुतळाबाईंनी त्यातली त्याची तेवढी काढून घेतली.

“तुमी कुठं निंगालात? ती येल गुजरात फिरून. ह्यांना रोज तापवनार कोन?”

“हूं,” ओव्हनमधून दुजोरा मिळाला.