टाकीतलं घड्याळ

"माझ्या टाकीत धुळीचा एक कण जरी शिरला, तरी मिशी उतरवीन!" चकाचकसाहेबांनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

साहेब डिटेक्टरच्या जुळणीचे प्रमुख. तांब्याची टाकी, तिच्यात नवे स्फटिक. सगळं जुन्या खाणीच्या तळाशी उतरवायचं आणि डार्क मॅटरचा, म्हणजे विश्वातल्या अदृश्य द्रव्याचा, एखादा कण चुकून येतोय का, याची वाट पाहत बसायचं. टाकीला किरणोत्सार जरासाही खपत नसे. साहेबांना तर त्याहून कमी! केळ्यात किरणोत्सारी पोटॅशियम असतं म्हणून त्यांनी कॅन्टीनमधून केळी हद्दपार केली होती. जुळणीच्या खोलीत शिरणाऱ्याची अंगठी, पट्टा, पेन, सगळं दारातच काढून घेत.

सूट एकालाच. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर, पांढऱ्या झग्याच्या बाहीखाली, सासऱ्यांचं जुनं घड्याळ होतं. सासरे हॉस्पिटलात अखेरच्या अवस्थेत. दुरुस्त करून आणलेलं घड्याळ संध्याकाळी त्यांच्या हातात द्यायचं होतं.

"हरवलंत तर बाबा सुखानं जायचे नाहीत," बायकोनं बजावलं होतं. "आणि तुम्हीही!"

दारातल्या ट्रेमधून कुणी ढापलं तर? म्हणून ते मनगटावरच राहिलं.

टाकी वेल्ड झाली, खाणीत उतरली. बटण दाबलं आणि पडद्यावर ठिपक्यांचा गारांसारखा मारा!

"हे डार्क मॅटर आहे," डायरेक्टरबाई किंचाळल्या, "की शाळा सुटलीय?"

साहेबांनी थेट टाकी जोडणाऱ्या फिटरला धरलं. "केळं खाल्लंत ना?"

"साहेब, मला साखरेचा त्रास. केळं मी स्वप्नातसुद्धा सोलत नाही!"

"मग घाम गाळला असेल!"

"तो गाळलाच. पगार त्याचाच मिळतो!"

"उद्यापासून येऊ नका," बाईंनी फिटरला सांगून टाकलं.

तेवढ्यात साहेबांच्या बायकोचा फोन. "बाबा घड्याळ मागताहेत. डॉक्टर म्हणतात, लवकर या. आहे ना?"

"हे काय, हातातच आहे!" साहेबांनी बाही वर सारली. हातावर नुसता पट्ट्याचा वळ! जुळणी करताना घड्याळ टाकीतच गळून पडलं होतं.

त्या घड्याळाचे आकडे अंधारात चमकायचे. चमकायचे ते किरणोत्सारी रेडियमच्या रंगामुळे. टाकीत केळीची बाग लावली असती, तरी एवढा बोभाटा झाला नसता!

गप्प बसावं, तर फिटर घरी जाणार आणि सासरे रिकाम्या हातानं. बोलावं, तर नोकरीवर पाणी. पण साहेबांनी खरं सांगून टाकलं.

टाकी वर ओढली, कापली. स्फटिक कामातून गेले. फिटरनं चिमट्यानं घड्याळ उचललं. "साहेब, हे कुणी खाल्लं होतं?"

सासऱ्यांनी तोवर दम धरला होता. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. बंद! सावकाश डोळे उघडले. बायको वाकली, साहेबही वाकले.

"मी म्हटलं होतं ना," सासरे लेकीला म्हणाले, "या गाढवाच्या हाती देऊ नकोस!" आणि मान टाकली.

आता साहेब दिवसभर घरीच असतात. भेटायला येणाऱ्यांना दार तेच उघडतात.

"शेवटी काही बोलले का हो?" पाहुणे हळूच विचारतात.

"बोलले ना," साहेब डोळे टिपत सांगतात. "माझ्याबद्दलच बोलले!"