गुरुवारची तसबीर

काष्टीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सुमंतने देवघरातली काळीकुट्ट तसबीर खाली उतरवली, तेव्हा त्याच्या आईने, दमयंतीबाईंनी हातातली वात तशीच खाली ठेवली. काच कधीच फुटून गेलेली, आणि निरांजनाच्या धुराने आतला देव असा झाकला होता की, सासूबाईंनी देवघर हाती दिलं त्या दिवशीच दमयंतीबाईंनी तो मनाने दत्त ठरवून टाकला. तेव्हापासून त्याच्यापुढे एकही गुरुवार चुकवला नव्हता. आता आत दुसराच कुणी निघाला, तर एवढे उपास गेले कुठे?

"कागद चांगला आहे, आई. नुसती काजळी. पावाच्या गराने टिपून काढतो."

"पाव? सोवळ्यातल्या देवाला?"

"मग कणकेचा गोळा."

"कणीक कुठली? रेशनला गव्हाऐवजी लाल मिलो ज्वारी आलीय," सून सुनीती म्हणाली. "देव तांबडा व्हायचा."

"आणि आज एकादशी," दमयंतीबाईंनी धागा पकडला. "आज धान्य चालत नाही त्यांना."

सुनीती आत गेली आणि राजगिऱ्याचं पीठ घट्ट मळून घेऊन आली. "घ्या. फराळाचंच आहे." दमयंतीबाईंना रागच आला, पण एकादशीला रागवायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

सुमंत गोळा टेकवू लागला. आधी खूर दिसले, मग शिंगं.

"गाय," दमयंतीबाईंनी हात जोडले. "दत्तामागे असतेच."

"आणि कुत्री?"

"निघतील."

कुत्री निघाली नाहीत. धोतर निघालं, काखेतली चरवी निघाली, मग मुंडासं, आणि त्याखाली ह्या एवढ्या मिशा.

"आई, दत्ताला मिशा?"

"अवतार असेल एखादा," त्या म्हणाल्या, पण जोडलेले हात सुटले होते.

तेवढ्यात रतीब घालायला सूर्यभान गवळी दारात आला. वाकून बघत म्हणाला, "ह्ये तर आमचं आजं, कारभारी नावाचं. तुमच्या गाया राखायचं. तुमची कपिला गाय मेली, तवा वसुबारसंला पुजायला म्हनून तुमच्या मामंजींनीच काढल्यालं चित्तर हाय ह्ये."

दमयंतीबाईंनी पाट पुढे ओढला. "गुरुवारी ते काही पाळायचे का रे?"

"गुरवारी? मटन घावलं तर सोडायचं न्हाईत. दुधात पानी घालायचं बी त्येंनीच आमाला शिकीवलं."

सुनीती तोंडाला पदर लावून आत पळाली.

"माझे सगळे गुरुवार त्यांच्या नावावर गेले रे, सूर्यभाना."

सूर्यभानने मुंडासं काढून हातात घेतलं. "तरीच. सपनात येत्यात, तर लई तब्येतीत दिसत्यात." मग डोकं खाजवत, जरा पुढे सरकून म्हणाला, "बाई, आजी मातर वाळल्यालीच दिसती. राहीबाई नाव हाय तिचं. तिचं बी काय जमलं तर बघा की."

दमयंतीबाई बराच वेळ बोटांवर वार मोजत राहिल्या.

"बुधवार मोकळा आहे," त्या हळूच म्हणाल्या.