चोराने भरावयाचा अर्ज

पार्से गावचे शेतकरी बाबली गावस यांची एकनळी बंदूक कागदोपत्री त्यांच्या घरात राहते आणि प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात. परवाना आजोबांच्या काळचा, कारण 'शेतपीक संरक्षण'. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, असा नियम आहे आणि आमच्याकडे निवडणुका काही संपत नाहीत. विधानसभा झाली की पंचायत, पंचायत झाली की जिल्हा पंचायत, मग लोकसभा. मध्येच कुणीतरी पक्ष बदलून राजीनामा देतो, की लागली पोटनिवडणूक. गेल्या पाच वर्षांत ती बंदूक एकूण सात महिने घरी होती. त्यातले दोन महिने गंज काढण्यात गेले.

हे मी सांगतोय, कारण शस्त्र परवाना कक्षाचा मुख्य कारकून मी आहे आणि झाल्या प्रकाराचं खापर लोक माझ्या माथी फोडतायत. सत्तावीस वर्षं नोकरी केली, एक कागद हरवला नाही. तुम्हीच काय ते ठरवा.

यंदा मार्चात आचारसंहिता लागली, बंदूक जमा झाली आणि त्याच आठवड्यात पार्सेत भरदुपारी दोन घरं फुटली. काजूचे दिवस. सगळा गाव डोंगरावर बोंडं वेचायला, घरात एखाद-दुसरी बाई नाहीतर म्हातारं माणूस. दुसऱ्या घरातल्या म्हातारीच्या कानातलं ओढून नेलं, पाळी फाटली बिचारीची. बाबलीची बायको जानकी गुडघ्यांमुळे डोंगर चढू शकत नाही. ती दिवसभर घरी एकटी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली माझ्या टेबलापुढे हजर.

"साहेब, बंदूक तुमच्याकडे आणि चोर आमच्याकडे, ह्यो खंयचो न्याय? निवडणूक होईसर बंदूक घरात ठेवूक देयात. बायल एकटीच आसा."

मी परवाना उघडून दाखवला. "इथे 'पीक' लिहिलंय. तुमच्या पत्नी पिकात मोडत नाहीत."

"मग ती कशात मोडता?"

"कुटुंबात. कुटुंबासाठी वेगळा परवाना. त्याला धोका असल्याचा पोलीस अहवाल जोडावा लागतो."

"तो कधी मिळता?"

"धोका घडून गेल्यावर."

बाबली कपाळाला हात लावून बसला. "मग चोर इलो तर तिने करायचा तरी काय?"

मी परिपत्रक काढलं. वाचूनच दाखवलं, माझ्या पदरचं काही घातलं नाही. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. फक्त तो प्रमाणात वापरायचा. चोराकडे काठी असेल तर काठी, कोयता असेल तर कोयता, हात रिकामे असतील तर आपणही रिकाम्या हातांनी. आणि पोलिसांना कळवण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही.

"आणि त्याच्याकडे काय आसा, ता कसा कळतला?"

"विचारायचं."

शंका मात्र रास्त होती. मी तशी टिप्पणी वर पाठवली आणि, काय सांगू, नऊ दिवसांत मंजूर होऊन आली! प्रपत्र 'ग': आगंतुकाने प्रवेशानंतर भरावयाचा अर्ज. रकाने चौदा, प्रती तीन. नाव, गाव, येण्याचं प्रयोजन, आणलेलं हत्यार, त्याची लांबी सेंटीमीटरमध्ये. वर गोल शिक्का. बाबलीने पाच संच नेले. मी सांगितल्याप्रमाणे सोप्यावर एक काठी, एक कोयता आणि एक मध्यम आकाराचा दगड मांडून ठेवला, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको.

जानकीने फोनवर मला एवढंच विचारलं, "साहेब, चोराक चा देवची काय नको?"

मी म्हटलं, तशी तरतूद नाही.

मतदानाच्या दोन दिवस आधी, दुपारी चारला, दारात पोदेराचा भोंगा वाजला. पोदेर म्हणजे आमचा पाववाला. त्याचा सायकलचा भोंगा ऐकला की इथे कुणीही न बघता दार उघडतं. जानकीनेही उघडलं, हातात पावाची पिशवी. बाहेर तिशीतला एक माणूस, तोंडाला रुमाल, हातात तसलाच भोंगा. तो तिला ढकलून आत शिरला आणि दाराला कडी घातली.

"गळ्यातला काढ!"

जानकीने मंगळसूत्राला हात घातला. तेवढ्यात तिची नजर प्रपत्रांवर गेली.

"देतंय रे बाबा. पण आदी ह्यो सरकारी कागद भर. नायतर उद्या तुझ्यावरच बालांट येतला."

त्याने शिक्का पाहिला. आणि कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसला! लोक म्हणतात सरकारी कागदाला आता कुणी विचारत नाही. चोर बसला, म्हटलं. पेन मागून घेतलं, खाली मान घालून सहा रकाने भरले. सातव्यात होतं: 'उद्देश केवळ चोरीचा की मारहाणीचाही? लागू नसेल ते खोडावे.' तो विचारात पडला. जानकी लंगडत स्वयंपाकघरात गेली, वरवंटा घेऊन आली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर घातला. हाड मोडलं. सात ते चौदा रकाने कोरे राहिले आणि सहीही होऊ शकली नाही, याचा मला आजही राग येतो.

चौकशी रीतसर झाली. हत्याराच्या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं होतं. म्हणजे वरवंटा प्रमाणाबाहेर. शिवाय वरवंटा मंजूर साहित्यात नव्हताच. माराच्या वेळी सदर इसम खुर्चीत बसून सरकारी काम करत होता. म्हणजे धोका तात्कालिक नव्हता. सहा रकाने भरायला अकरा मिनिटं लागतात. म्हणजे पोलिसांना कळवायला वेळ होता. जानकीवर गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदला गेला. घरावर गुन्हा, म्हणून बंदूक परत नाही. आता दर पंधरा दिवसांनी तिला तारखेला जावं लागतं, कोर्ट दुसऱ्या मजल्यावर, आणि गुडघे तसे.

एकदा ती माझ्याकडे आली. म्हणाली, "साहेब, त्याने माझो गळो चिरलो असतो, तर तुमी माझ्या बाजून ऱ्हवले असतात?"

"निःसंशय," मी म्हटलं. "फक्त अर्ज वारसाने करायचा."

ती कठड्याला धरून जिना उतरत गेली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. त्या दुपारी डबा तसाच परत नेला.

चोराने जबाबात एक गोष्ट सांगितली, ती मात्र लोकांनी उगाच उचलून धरली. हेच घर कसं निवडलं? तर म्हणाला, पंचायतीच्या फलकावर यादी वाचून. यादी मीच लावली होती, पारदर्शकतेसाठी. यादी 'अ': बंदूक जमा केलेली घरं, घर क्रमांकासह. यादी 'ब': मुळात बंदूक नसलेली घरं. महिनाभर ती तिथे होती. अकरा हरकती आल्या. तिघांचं आडनाव चुकलं होतं. आठ जणांचं म्हणणं, बापाच्या काळी आमच्याकडेही बंदूक होती, आम्हाला 'ब'मध्ये टाकून आमची अब्रू घालवली. यादी लावलीच का, असं कुणीही विचारलं नाही.

म्हणून आता ती राज्यभराची केली आणि संगणकावर टाकली. दुरुस्तीसाठी सोपा अर्ज ठेवलाय: नाव, पत्ता, मोबाईल, दुपारी घरात कोण असतं आणि दागिने कुठे ठेवता. शेवटचे दोन रकाने ऐच्छिक आहेत. तरी आजवर एकानेही ते कोरे सोडलेले नाहीत. तुमचा अर्जही कालच आला. आडनावातली वेलांटी दुरुस्त केली आहे, आणि कपाटाचा कप्पा कोणता ते इतक्या सुवाच्य अक्षरात लिहिल्याबद्दल कक्ष आपला आभारी आहे.