सामंतकाकांचं क्युरिंग

भाचीच्या साखरपुड्याला पाच दिवस असताना मी टाचा घासायच्या वजरीने तोंड घासलं आणि वर लिंबू पिळलं.

मोबाइलवरच्या एक बाई म्हणाल्या होत्या, चेहऱ्यावरची मेलेली कातडी काढा, उजळ दिसाल. मेलेली कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गालांचं सोललेलं बीट झालं. त्वचेच्या डॉक्टरांचा नंबर परवाचा मिळाला, म्हणून बायको समोरच्या सामंतकाकांना घेऊन आली.

काका त्वचेतले नव्हेत, गच्चीतले. वर्तकनगरातल्या निम्म्या इमारतींची गळती त्यांनी थांबवलीय. कुणाच्याही घरात शिरले की चप्पल काढायच्या आधी ते भिंतीला तळवा लावतात. वरच्या मजल्यावर मयताला गेले तेव्हाही आधी भिंत चाचपली आणि मग मुलाचं सांत्वन केलं. त्यातलंही निम्मं गच्चीबद्दल होतं.

माझ्या गालापासून दोन बोटांवर तळवा धरून ते म्हणाले, "गळतंय."

मी म्हटलं, काही वाहत तर नाही.

"दिसत नाही. आतलं पाणी उडून चाललंय, म्हणून तर ओढ बसतेय. आणि मेलेली मेलेली काय म्हणतोस रे? तीच तर भिंत. पेशींच्या विटा, मधे चरबीचा माल. तू भिंत पाडलीस आणि वर आम्ल ओतलंस."

मी टेबलावर हळद, दही, कोरफड आणि बायकोचं सिरम मांडून ठेवलं होतं. काकांनी सगळं उचलायला लावलं. साबण बंद, कोमट पाणी, साधी पेट्रोलियम जेली. बाकी काम शरीर आतून करतं, म्हणाले. भगदाड पडलं की ते लगेच माल ओतायला लागतं. "फक्त क्युरिंग होऊ दे, नव्या प्लास्टरसारखं ओलं राहून पक्कं होऊ दे. हात लावू नकोस."

साखरपुड्याला मी तुपात तळल्यासारखा चमकत गेलो. फोटोत मला समईच्या मागे उभं केलं.

काका रोज सकाळ-संध्याकाळ पाहणीला यायचे. एकदा मी पापुद्रा सोलताना सापडलो, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या गालाबद्दल बायकोशी बोलले. तिसऱ्या आठवड्यात आग थांबली तेव्हा मी विचारलं, काका, गच्चीच्या माणसाला हे सगळं कसं ठाऊक?

काकू शेवटची दीड वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांना स्वच्छ ठेवायचं म्हणून काका दोन वेळा गरम पाणी, साबण आणि जंतुनाशक घेऊन त्यांची पाठ घासायचे. पाठ लाल झाली की आणखी घासायचे. त्या "पुरे हो" म्हणायच्या. काकांना वाटायचं, संकोच करतेय. पुढे घरी नर्स यायला लागली. तिने पाठ पाहिली आणि म्हणाली, काका, धुऊन धुऊन भिंतच काढलीत तुम्ही.

"मग शिकवलं तिने सगळं," काका म्हणाले. "तोवर आतून भरून यायला हिच्यात माल उरला नव्हता. आयुष्यभर लोकांना सांगत आलो, हात लावू नका. घरी नाही सुचलं."

एवढं बोलून त्यांनी आमच्या भिंतीला तळवा लावला. ओल नव्हती. तरी हात बराच वेळ तिथेच होता.

पुढच्या आठवड्यात माझे गाल त्यांनी पास केले. त्या दिवसापासून ते यायचे बंद झाले. समोरचं दार मिटलेलं, कडीला अडकवलेला पेपर दुपारपर्यंत तसाच. बायको म्हणाली, जाऊन बघा की. पण कामाशिवाय जाऊन बोलायचं काय? पाठीचा विषय मला झेपणारा नव्हता.

सहाव्या दिवशी मी वजरी घेतली, कोपरावर चारदा फिरवली आणि त्यांची बेल वाजवली.

काकांनी कोपर उजेडाकडे वळवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आत गेले आणि दोन कपांचं आधण ठेवलं. जेलीची डबी माझ्यासमोर आपटून म्हणाले,

"गाढवा, चहाला यायला कोपर सोलावं लागत नाही."