परबकाकांना कोरं पुस्तक चालत नाही

आमच्या समोरच्या दारात परबकाका राहतात. प्राचीन रोमन नाणी कशी ओळखावीत, या एकाच विषयावरची बारा-तेरा जाडजूड पुस्तकं त्यांच्या घरात आहेत. नाणं मात्र एकही नाही.

"काका, नाणंच नाही तर ओळखणार काय?" मी एकदा विचारलं.

"मेल्या, घरात पंचांग असतं म्हणून रोज लग्न काढतोस काय?"

काका मूळचे मालवणकडचे. भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. बायको गेल्यावर तिथली खोली सोडून ते आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आले. फिटरचा आणि रोमचा संबंध काय, असं कुणी विचारलं की ते खवळतात. "रोमची जहाजं सोपाऱ्याला लागायची. नालासोपाऱ्याला! आणि तू मला लांबचं सांगतोस?"

नाण्यांचा नाद असलेली माणसं कुठून कुठून त्यांना फोन करतात. कुठलं पुस्तक घेऊ? काकांचं उत्तर पाठ असतं. "दोन्ही बाजू छापल्यात का बघ. वजन दिलंय का बघ. आणि झिजलेली नाणी दाखवणारं घे. बाकीच्या पुस्तकांत सगळी लग्नाच्या अल्बमसारखी नटलेली. आपल्या हातात येतं ते आधार कार्डावरच्या फोटोसारखं."

सल्ला सोन्यासारखा. पण स्वतः पुस्तक घेताना काका यातलं काहीच बघत नाहीत. पुस्तक उजेडात तिरकं धरतात, भराभर पानं उलटतात आणि फक्त समास बघतात, जिथे काहीच छापलेलं नसतं. मग "कोरा आसा" म्हणून ठेवून देतात.

त्यांच्या पंचाहत्तरीला मी मोठ्या हौसेने एक नवंकोरं रंगीत पुस्तक आणलं. दोन्ही बाजू, वजन, झिजलेली नाणी, सगळं बघून घेतलं होतं. काकांनी पानं फर्रकन उलटली. "झकास आहे. पण कोरा आसा." दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकावर त्यांचा टेबल फॅन बसलेला दिसला. मला रागच आला. मी आठ दिवस अबोला धरला.

नवव्या दिवशी काकांनीच दार ठोठावलं. "घाटकोपरला चल. फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याचा फोन आलाय. धावायला हवं." असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला एकटं कसं सोडणार? रिक्षा केली. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला काकांनी शिव्या घातल्या.

पोचलो तर पुस्तकवाला मांडीवर एक जाडं पुस्तक घेऊन बसला होता आणि खोडरबराने पान घासत होता.

"रबर नीचे रख!" काका एवढ्या जोरात ओरडले की शेजारचा चप्पलवाला उठून उभा राहिला. "हाथ मत लगा!"

"अरे अंकल, आपके लिए ही साफ कर रहा था. किसी ने सब गंदा करके रखा है ना!"

काका फुटपाथवरच बसले. पानांवरचा रबराचा चुरा त्यांनी हळूच फुंकला. खाली कोरा कागद होता. पुढचं पानही कोरं. त्याच्या पुढचंही.

"काका, होतं काय त्यात?"

"तिची पेन्सिल."

मग ते बोलले, माझ्याकडे न बघता. काकू शाळेत इतिहास शिकवायच्या. रोमन नाणं घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्या जुनी पुस्तकं जमवायच्या आणि समासात पेन्सिलीने टिपणं करायच्या. एकदा त्या माहेरी गेल्या असताना घरात रंगकाम निघालं, आणि काकांनी सगळं कपाट रद्दीवाल्याला देऊन टाकलं.

"आली, रिकामं कपाट बघितलं आणि म्हणाली, 'बरं झालं, जागा झाली.' बस. भांडली असती तर बरं झालं असतं रे. मी तापट, म्हणून बोलायचीच नाही. ती गेल्यावर शोधायला लागलो. पाच मिळाली. बाकीची दुसऱ्याच कुणाच्या पेन्सिलची निघाली. आणि लोकांना सल्ला देतो ना, ती अक्कल तिची. मी समासात वाचलेली. हे शेवटचं राहिलं होतं, फोनवर नाव ऐकूनच ओळखलं."

टेबल फॅनवरून धरलेल्या अबोल्याची मला लाज वाटली.

काका पानं उलटत राहिले. अर्ध्याच्या पुढे रबर पोचला नव्हता. बारीक, टापटीप अक्षर दिसायला लागलं. एका पानावर कुठल्याशा सम्राटाचं झिजलेलं नाणं होतं. चेहरा पुसट झालेला, नाक तेवढं शाबूत. शेजारी लिहिलं होतं, 'नाक थेट ह्यांचं. सांगू नये, चिडतील.'

काकांनी पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि मान वळवून एका बाजूने चेहरा दाखवला. "बघ रे. खरा काय?"

मी बघितलं. मधला उंचवटा, खाली वळलेलं टोक.

"थेट," मी म्हटलं.

काकांनी नाकावरून एकदा बोट फिरवलं. मग पान मिटायच्या आधी, अगदी हळू, पुस्तकाला म्हणाले, "चिडलो नसतो गं."